ऑक्साइड सिरॅमिकमध्ये डोपिंग: पहिला नमुना भट्टीत जाण्याआधी आणि नंतर

लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरीवर, पिनेजवळ, एक जाड गाठ असते. जुन्या, निकामी चार्जरची ती गाठ फोडून बघा. आत काळपट, कपबशीच्या तुकड्यासारखी ठिसूळ नळी निघते. चुंबक जवळ नेला की टक्कन चिकटतो. नळी निकेल-झिंक जातीची असेल तर मल्टिमीटरची टोकं टेकवून काहीच वाचन येत नाही. वजनाने अर्ध्याच्या आसपास लोखंड असूनही वीज जात नाही. हा फेराइट. आता गोव्यातल्या डिचोली-साखळीकडचा तांबड्या खनिजाचा खडा घ्या. तोही लोखंडाचा ऑक्साइडच, हेमटाइट. पण साधा चुंबक त्याला जेमतेम ओळखतो.

लोखंड दोन्हीकडे तेच आहे. वेगळं आहे ते एवढंच, की ऑक्सिजनच्या जाळीत त्याच्या शेजारी दुसरा कोणता धातू बसला, किती प्रमाणात बसला आणि नेमका कुठल्या जागी बसला. डोपिंग म्हणजे हे जाणूनबुजून, मोजून करणं. हा लेख एम.एस्सी.च्या प्रकल्पात किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात या कामाला हात घालणाऱ्यांसाठी आहे, मग तुम्ही ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात असा, फर्मागुडीच्या कॉलेजांत असा, किंवा एकच मफल फर्नेस असलेल्या एखाद्या कॉलेजात. पुस्तकं इंग्रजीत असतात, पण लॅबमध्ये आपण एकमेकांना समजावतो ते मराठी-कोकणीतच. तेच इथे लिहून ठेवते आहे.

पायरी १: एक यजमान, एक पाहुणा आणि एक शून्य

यजमान म्हणजे मूळ ऑक्साइड, पाहुणा म्हणजे त्यात मोजून घातलेला दुसरा धातू, डोपंट. नवीन विद्यार्थी बहुधा तीन डोपंट आणि प्रत्येकी पाच प्रमाणं अशी यादी घेऊन येतात. तसं करू नका. एक ऑक्साइड घ्या, एक डोपंट घ्या, चार-पाच प्रमाणं ठरवा, आणि त्यांतलं एक प्रमाण शून्य ठेवा. हा शून्याचा नमुना, म्हणजे डोपंट न घातलेला, त्याच बाटल्यांतून, तितकाच वेळ दळून, त्याच भट्टीत, त्याच दिवशी करायचा. शोधनिबंधातला आकडा त्याच्या जागी चालत नाही, कारण त्यांच्या पेलेटची (पूड दाबून केलेल्या चकतीची) घनता वेगळी, कणांचा आकार वेगळा, थंड करण्याचा वेग वेगळा. रोध दहापट बदलायला यातली कुठलीही एक गोष्ट पुरते. माझ्या मते शून्याचा नमुना नसलेल्या मालिकेतून डोपिंगबद्दल काहीच सांगता येत नाही.

पायरी २: पाहुणा कुठे बसणार

आयनाची त्रिज्या आणि त्याचा विद्युतभार, या दोन गोष्टी आधी पाहायच्या. त्रिज्यांसाठी शॅननचा १९७६ सालचा तक्ता सगळे वापरतात. बेरियम टायटनेटमध्ये बेरियमभोवती १२ ऑक्सिजन असतात आणि त्याची त्रिज्या १.६१ अँगस्ट्रॉम, तर टायटॅनियमभोवती ६ ऑक्सिजन आणि त्रिज्या ०.६०५. लँथॅनम १.३६ चा, तो बेरियमच्या घरात जातो. निओबियम ०.६४ चा, तो टायटॅनियमच्या. तक्त्यात त्रिज्या बघताना शेजारी किती ऑक्सिजन धरले आहेत तो स्तंभ जरूर बघा. त्याच आयनाची त्रिज्या शेजाऱ्यांच्या संख्येप्रमाणे बदलते, आणि सुरुवातीच्या चुका इथेच होतात.

आकाराखेरीज आवडही असते. स्पिनेल नावाच्या स्फटिकरचनेच्या फेराइटमध्ये दोन प्रकारच्या जागा आहेत: चार ऑक्सिजनांमधली अ-जागा आणि सहा ऑक्सिजनांमधली ब-जागा. झिंकला अ आवडते, निकेलला ब. लोखंड दोन्हीकडे राहतं. या आवडीनिवडीवर पुढचा सगळा चुंबकाचा हिशेब उभा आहे.

पायरी ३: भाराचा हिशेब कागदावर

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि तिला पेन्सिल सोडून काही लागत नाही. पाहुण्याचा भार यजमानाच्या भारापेक्षा कमी-जास्त असेल तर ती तूट किंवा शिल्लक कुठेतरी भरून निघालीच पाहिजे. स्फटिक उधारी ठेवत नाही. भरपाई कुठल्या वाटेने होते त्यावर सिरॅमिकचा स्वभाव ठरतो.

निकेल ऑक्साइड घ्या. शुद्ध असताना हिरवी पूड, उत्तम रोधक. त्यात थोडं लिथियम कार्बोनेट मिसळून हवेत हजार अंशांच्या वर भाजलं की पूड काळपट होऊन बाहेर येते. रंगावरूनच कळतं की आत काहीतरी झालं. लिथियमचा भार +१, निकेलचा +२. प्रत्येक लिथियममागे एक धन भार कमी पडला, तो भरायला एका निकेलने +३ व्हायचं कबूल केलं. हे ‘+३ असणं’ मग एका निकेलवरून शेजारच्या निकेलवर उड्या मारतं, आणि विद्युत प्रवाह सुरू होतो. काही टक्के लिथियमने रोधकता कोट्यवधी पटींनी खाली येते. व्हर्वे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे पद्धतशीरपणे मांडलं.

झिर्कोनियामध्ये, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये, भरपाईची वाट वेगळी. +४ झिर्कोनियमच्या जागी +३ यिट्रियम बसतं. झिर्कोनियम +५ होऊ शकत नाही, म्हणून दोन यिट्रियममागे एक ऑक्सिजनची जागा रिकामी राहते. ८ मोल टक्के यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) घातलात तर शंभरांतल्या जवळपास चार ऑक्सिजन-जागा रिकाम्या होतात. स्वतः हिशेब करून पाहा, दोन ओळींचा आहे. आता तापलेल्या सिरॅमिकमधून ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांवरून सरकतात. गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर यावरच चालतो. आणखी यिट्रिया घातल्यावर वहन वाढेल असं वाटतं, पण ते उलट घटतं, कारण रिकाम्या जागा यिट्रियमपाशी अडकून पडायला लागतात. ‘जास्त डोपंट म्हणजे जास्त परिणाम’ हा समज इथेच सोडून द्या.

तिसरं उदाहरण रोज संध्याकाळी आपल्या घरात लागतं. डास पळवायच्या लिक्विडचं मशीन. त्याच्या आत वात तापवणारी जी चकती असते ती साधारणपणे डोप केलेल्या बेरियम टायटनेटची असते. शुद्ध बेरियम टायटनेट रोधक आहे. +२ बेरियमच्या जागी ०.२-०.३ टक्के +३ लँथॅनम गेलं की शिल्लक इलेक्ट्रॉन टायटॅनियमकडे जातो आणि पदार्थ अर्धवाहक होतो. मग सुमारे १२० अंशांपाशी, जिथे या सिरॅमिकचं फेरोविद्युत रूप बदलतं, तिथून पुढे थोड्याच अंशांत रोध हजारो पटींनी चढतो. चकती तापली की ती स्वतःच प्रवाह आवरते, निवली की पुन्हा घेते. थर्मोस्टॅट लागत नाही. कारण कणांच्या सीमांवर आहे: सीमेवर अडकलेल्या भारामुळे तिथे एक बांध तयार होतो. १२० अंशांखाली पदार्थाची प्रचंड विद्युतपारगम्यता (परमिटिव्हिटी) तो बांध बुटका ठेवते, वर गेल्यावर पारगम्यता पडते आणि बांध उंचावतो. हेवांगने हे स्पष्टीकरण १९६१ मध्ये दिलं. बेरियमच्या जागी थोडं शिसं घातलं तर हे तापमान वर सरकतं, स्ट्रॉन्शियम घातलं तर खाली.

आता खरी गंमत बघा. लँथॅनम अर्ध्या टक्क्याच्या पुढे नेलं की तेच सिरॅमिक पुन्हा रोधक व्हायला लागतं. भरपाई इलेक्ट्रॉनांऐवजी धातूच्या रिकाम्या जागांनी होऊ लागते, आणि कणही बारीक राहतात. म्हणजे तोच पाहुणा, त्याच घरात, फक्त प्रमाण बदललं तर हिशेबाची वाट बदलते. म्हणून प्रमाणं ठरवताना मालिका नेहमी छोट्या पायऱ्यांनी सुरू करा.

पायरी ४: चुंबकाचा हिशेब

निकेल फेराइटमध्ये अ-जागेवर एक लोखंड, ब-जागेवर एक लोखंड आणि एक निकेल. प्रत्येक आयन एक छोटा चुंबक असतो, त्याच्या ताकदीला चुंबकीय आघूर्ण म्हणतात. दोन्ही जागांचे चुंबकीय आघूर्ण एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असतात. नेएलने १९४८ मध्ये या व्यवस्थेला फेरीचुंबकत्व म्हटलं. +३ लोखंडाचं आघूर्ण ५ एकक, निकेलचं २. ब-जागेवर ७, अ-जागेवर ५, उरले २.

आता निकेल काढून त्याच्या जागी झिंक घाला. झिंकचं आघूर्ण शून्य. चुंबकत्व कमी व्हायला हवं, नाही का? पण झिंकला अ-जागा हवी. तो तिथे बसतो आणि तिथल्या लोखंडाला ब-जागेवर पाठवतो. अ-जागेची विरुद्ध ओढ हलकी झाली, ब-जागेवर माणसं वाढली. हिशेब मांडला तर निव्वळ आघूर्ण २ + ८क्ष येतं, क्ष म्हणजे झिंकचं प्रमाण. क्ष = ०.४ ला ५.२. अचुंबकीय धातू घालून चुंबकत्व दुपटीहून जास्त. पहिल्यांदा हे कागदावर सुटलं त्या दिवशी मी वही घेऊन शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला दाखवायला गेले होते.

प्रत्यक्ष मोजमाप या सूत्रापेक्षा थोडं खाली राहतं, आणि क्ष ०.४-०.५ च्या पुढे गेल्यावर वक्र वळून उतरू लागतो. अ-जागेवर चुंबकीय शेजारी इतके विरळ होतात की ब-जागेचे आघूर्ण सरळ रांगेत न राहता तिरपे होतात. क्यूरी तापमान, ज्याच्या वर हे चुंबकत्व नाहीसं होतं, ते तर पहिल्या चिमटीपासूनच घसरतं: निकेल फेराइटचं ५८५ अंशांच्या आसपास, झिंक वाढेल तसं खाली. म्हणजे खोलीच्या तापमानाला चुंबकत्व हवं की उष्णतेतला टिकाऊपणा, हे आधी ठरवावं लागतं.

वीज आणि चुंबकत्व एकाच वेळी बदलताना बघायचं असेल तर लँथॅनम मँगनाइट. एकटं असताना रोधक आणि प्रतिलोहचुंबकीय, म्हणजे विरुद्ध दिशांचे आघूर्ण एकमेकांना पूर्ण खोडतात. लँथॅनमच्या जागी ३० टक्के स्ट्रॉन्शियम घातलं की काही मँगनीज +३ चे +४ होतात. इलेक्ट्रॉन मधल्या ऑक्सिजनवरून +३ कडून +४ कडे जातो, पण दोघांचे आघूर्ण एका दिशेला असतील तरच सहज जातो. म्हणून वहन आणि लोहचुंबकत्व हातात हात घालून येतात. योंकर आणि व्हान सांतेन यांनी १९५० मध्ये प्रयोग दाखवला, झेनरने १९५१ मध्ये कारण सांगितलं. याच धर्तीवर लँथॅनम-कॉपर ऑक्साइडमध्ये बेरियम घालून बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी १९८६ मध्ये अतिवाहकता दाखवली आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं.

पायरी ५: वजन

०.६ निकेल, ०.४ झिंक असा १० ग्रॅम फेराइट करायचा आहे. रेणुभार: निकेल ऑक्साइड ७४.६९, झिंक ऑक्साइड ८१.३८, फेरिक ऑक्साइड १५९.६९. एका सूत्राचं वजन ०.६ × ७४.६९ + ०.४ × ८१.३८ + १५९.६९ = २३७.०६. त्या प्रमाणात १० ग्रॅमसाठी निकेल ऑक्साइड १.८९०४, झिंक ऑक्साइड १.३७३२, फेरिक ऑक्साइड ६.७३६४ ग्रॅम. बेरीज १० येते की नाही ते बघूनच काट्यापाशी जा.

विद्यार्थी विचारतात, इतकं लोह खनिज आपल्या गोव्यात आहे, तेच का वापरू नये? वापरता येतं, पण शुद्ध करून. खनिजातली सिलिका कणांच्या सीमांवर जाऊन बसते आणि रोध बदलते. अॅल्युमिना ब-जागेवर लोखंडाला हटवते आणि चुंबकत्व उतरवते. तुम्ही न घातलेला डोपंटही डोपंटच असतो. बाटलीवरची शुद्धता ९९ टक्के असेल आणि तुम्ही अर्धा टक्का डोपंट घालणार असाल, तर बाटलीतली अशुद्धी तुमच्या डोपंटहून जास्त भरते.

आता पावसाळ्याची गोष्ट. माझ्या पहिल्या मँगनाइट मालिकेत एक्स-रे आलेखावर मँगनीज ऑक्साइडची जादा शिखरं आली. दोनदा पुन्हा केलं, दोनदा तेच. दळणात चूक शोधली, भट्टीचं तापमान तपासलं. चूक लँथॅनम ऑक्साइडच्या बाटलीत होती. जुलैच्या दमट हवेत ती रोज उघडली जात होती, आणि लँथॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी घेऊन हायड्रॉक्साइड होतं. पूड तशीच पांढरी दिसते, डोळ्यांना काही कळत नाही. पूर्ण हायड्रॉक्साइड झालं असेल तर तुम्ही मोजलेल्या वजनात लँथॅनम १४ टक्के कमी असतं. उपाय साधा आहे: ९०० ते १००० अंशांवर काही तास तापवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) निववा, आणि लगेच वजन करा. बाटलीवर ‘तापवून घ्या’ अशी चिठ्ठी लावा. पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याचे दोन महिने वाचतील.

पायरी ६: दळणं, भाजणं, दाबणं

अगेटच्या खलात अॅसिटोन घालून दोन-तीन तास दळा. बॉल मिल असेल तर गोळे पोलादाचे नकोत. झिजलेलं लोखंड तुमच्या फेराइटमध्ये शिरतं, +२ लोखंड तयार होतं, आणि +२ व +३ लोखंडांमध्ये इलेक्ट्रॉन उड्या मारू लागला की रोध कोसळतो. मग ९०० ते १००० अंशांवर पहिली भाजणी, पुन्हा दळण. फेराइटची पूड कशी झाली याचा घरगुती अंदाज: बटर पेपरवर चिमूटभर पूड घेऊन खालून चुंबक फिरवा. तांबडी पूड काळपट तपकिरी होऊन चुंबकामागे केसांसारखी उभी राहत असेल तर विक्रिया बरीच पुढे गेली आहे.

पेलेटसाठी बाइंडर (पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ) म्हणून दोन टक्के पीव्हीएचे काही थेंब, डायमध्ये (साच्यात) दाब, आणि भट्टीत ५००-६०० अंशांपर्यंत मिनिटाला दोन अंश अशा संथ गतीने, नाहीतर बाइंडर जळताना पेलेट तडकते. त्यानंतर १२०० ते १२५० अंशांवर पक्की भाजणी. झिंक असेल तर क्रुसिबलवर झाकण ठेवा आणि पेलेट त्याच रचनेच्या पुडीत पुरा, कारण झिंक उडून जातं.

मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू झाला की वीज जाणार हे धरूनच चला. १२०० अंशांवर वीज गेली तर भट्टी आपल्या वेगाने निवते, तुम्ही ठरवलेल्या वेगाने नाही. जलद निवलेल्या फेराइटमध्ये धातू वेगळ्या जागांवर गोठतात आणि ऑक्सिजनचं प्रमाणही वेगळं राहतं. असा नमुना फेकायची गरज नाही, पण वहीत वेळ लिहा आणि मालिकेत इतरांच्या रांगेत बसवू नका.

पायरी ७: आधी एक्स-रे

जादा शिखरं नाहीत ना, आणि जाळीची लांबी डोपंटच्या प्रमाणाबरोबर सरळ रेषेत सरकते का, एवढं बघा. निकेल फेराइटची ८.३४ अँगस्ट्रॉम, झिंक फेराइटची ८.४४. तुमचे मधले नमुने या दोन टोकांमध्ये क्रमाने बसले पाहिजेत. रेषा मध्येच सपाट झाली तर तिथून पुढचा डोपंट जाळीत गेलेला नाही, बाहेर कुठेतरी बसला आहे. एक-दोन टक्क्यांहून कमी असलेला दुसरा पदार्थ एक्स-रेला सहसा दिसत नाही, हेही लक्षात असू द्या.

पायरी ८: विद्युत मापन

फेराइटसारख्या मोठ्या रोधाला दोन टोकांची पद्धत चालते. मँगनाइटला चार टोकं लागतात, नाहीतर तुम्ही सांध्यांचाच रोध मोजाल. फेराइटला सिल्व्हर पेस्ट ठीक आहे. डोप केलेल्या बेरियम टायटनेटला सिल्व्हर पेस्ट लावू नका, ती तिथे स्वतःचाच बांध घालते. इंडियम-गॅलियमचं मिश्रण घासून लावा.

एकदा जुलैत एक विद्यार्थिनी धावत आली: “मॅडम, डोपिंगने रोध शंभर पटींनी उतरला!” आलेख सुरेख होता. मी तिला तेच पेलेट १५० अंशांवर तासभर तापवून, डेसिकेटरमध्ये निववून पुन्हा मोजायला सांगितलं. रोध जवळजवळ शून्याच्या नमुन्याइतकाच निघाला. पेलेटच्या छिद्रांत शिरलेलं पाणी वीज वाहत होतं. तेव्हापासून आमचा नियम: आधी तापवायचं आणि उतरत्या तापमानात वाचनं घ्यायची. रोधकतेच्या लॉगरिदमचा आलेख तापमानाच्या व्यस्ताशी काढा. उतारावरून सक्रियण ऊर्जा मिळते, आणि फेराइटमध्ये क्यूरी तापमानापाशी उतार बदललेला दिसतो. इम्पीडन्स मापन (वारंवारता बदलत एसी प्रवाहाने केलेलं) करता आलं तर कणांच्या आतलं आणि सीमांवरचं योगदान वेगळं करता येतं. डोपंटने यांतलं नेमकं काय बदललं ते तिथेच समजतं.

पायरी ९: चुंबकीय मापन

व्हीएसएम (नमुना कंपित करून चुंबकत्व मोजणारं यंत्र) सगळीकडे नसतं. नमुना बाहेर पाठवावा लागतो, तेव्हा वजन मिलिग्रॅमपर्यंत लिहून पाठवा, कारण निकाल प्रतिग्रॅममध्ये येतो. फेराइटमध्ये संकेत इतका मोठा असतो की चुका झाकल्या जातात. झिंक ऑक्साइडसारख्या अचुंबकीय ऑक्साइडमध्ये एखादा टक्का कोबाल्ट घालून चुंबकत्व शोधत असाल तर मात्र फार जपा. २००४ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरांत, एकही चुंबकीय धातू नसताना, लोहचुंबकत्व मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. दुसऱ्या गटाने २००५ मध्ये दाखवलं की स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने नमुना हाताळला तरी तसाच संकेत येतो, आणि तो टाळला तर येत नाही.

म्हणून प्लॅस्टिकचा चिमटा, प्लॅस्टिकचा चमचा, पेलेटच्या कडा सँडपेपरने घासून डायला लागलेला भाग काढणं, आणि त्याच चिमट्याने, त्याच कुपीत भरलेला शून्याचा नमुनाही सोबत पाठवणं. दोन्हींचे वक्र एकावर एक काढा. अचुंबकीय ऑक्साइडच्या अशा मालिकेत शून्याच्या नमुन्यालाच चुंबकत्व दिसलं तर मालिकेतला एकही आकडा वापरण्याआधी पुन्हा बाटल्यांपासून सुरुवात करा.